पुसलेली सहा मिनिटं

शुक्रवारची दुपार होती. ठाण्याच्या घरी केतुराबाई पेझारकर भिजवलेल्या काळ्या मनुका हाताने कुस्करून शब्बाथचं, शनिवारच्या पवित्र दिवसाचं, सरबत गाळत होत्या, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. बोलणाऱ्या बाईंना आनंद आवरत नव्हता.

"केतुराताई, मी शर्वरी टिपणीस, ध्वनिसंग्रहातून. तुम्ही दिलेल्या एकशे बेचाळीस कॅसेट यंत्राने वाचून झाल्या. आणि नांदगावच्या कॅसेटमध्ये जादा सहा मिनिटं सापडलीत. वरवर ऐकलं तर नुसती शांतता आहे. पण खाली एक म्हातारी बाई बोलतेय. शब्दन् शब्द कळतोय."

केतुराबाईंचा हात पातेल्यातच राहिला. कोण बाई, असं विचारायची त्यांना गरज नव्हती. ती शांतता त्यांनी स्वतः, मनगटावरच्या घड्याळात बघून, सहा मिनिटं भरली होती. त्या गोष्टीला बावन्न वर्षं झाली होती.

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली केतुरा बावीस वर्षांची होती. कोकणातले बेने इस्राएल ज्यू तेव्हा दर महिन्याला एकेक घर कमी होत होते. कित्येक शतकांपूर्वी गलबत फुटून या किनाऱ्याला लागलेल्या माणसांची आपण लेकरं, असं सांगणारे हे लोक. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आता घरांना कुलपं लागत होती आणि माणसं इस्राएलला जात होती. म्हातारी माणसं गेली की त्यांच्याबरोबर सगळंच जाईल, हे केतुराच्या मनाने घेतलं. भावाचा टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून ती पेण, अलिबाग, मुरूड अशी एसटीने हिंडली. गाणी, मलिद्याच्या नैवेद्याच्या वेळच्या आरत्या, कोण कुठल्या गावचं, कोणाची सून कोणाच्या घरची, सगळं तिने भरून घेतलं.

नांदगावला सेगुलाबाई राहायच्या. केतुराचा थोरला भाऊ एनोक, त्याच्या या सासूबाई. लेक लेआ आणि जावई आठ वर्षांपूर्वी इस्राएलमध्ये अश्दोदला गेले होते. म्हातारी एकटीच मागे राहिली होती. बोलता बोलता तिला टेपचा विसर पडला. बोलून झाल्यावर तिचं लक्ष फिरणाऱ्या चक्रांकडे गेलं आणि तिने नुसतं बोट दाखवलं. केतुराने बटण बंद केलं. मग म्हातारी म्हणाली, "तेवढं पूस. माझ्या लेआच्या कानावर जाता कामा नये. तुझ्या भावाच्यासुद्धा." केतुराने माइकची वायर उपटली, कॅसेट मागे नेली आणि वर कोरी शांतता भरली. सेगुलाबाई शेजारी बसून चक्रं फिरताना बघत राहिल्या. दोन वर्षांनी त्या वारल्या.

पुण्याच्या संग्रहात केतुराबाई सोमवारी सकाळी पोचल्या. डॉक्टर टिपणीस पन्नाशीच्या, उंच, बोलक्या होत्या. त्यांनी आधी यंत्रच दाखवलं. शिवणयंत्राएवढी पांढरी पेटी, आत कॅसेटची फीत संथपणे सरकतेय आणि वर हिरवा उजेड.

"कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड केलं की जुनं पुसलं जातं, असं आपण धरून चालायचो," त्या म्हणाल्या. "खरं म्हणजे ते पूर्ण पुसलं जात नाही. फितीवर लोखंडाच्या गंजाची भुकटी असते, तिचा कण न् कण एकेक चिमुकलं चुंबक. पुसणारा भाग आणि लिहिणारा भाग कधीच अगदी एका रेषेत नसतात. कडेला केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी पट्टी सुटते. तिथे जुनं चुंबकत्व तसंच राहतं."

"मग इतकी वर्षं ते कुणाला कसं ऐकू आलं नाही?"

"फारच क्षीण असतं ते. आता हा हिरा आहे." त्यांनी पेटीतल्या हिरव्या ठिपक्याकडे बोट केलं. "प्रयोगशाळेत वाढवलेला. याच्या रचनेत मुद्दाम एक उणीव ठेवलेली असते. त्या जागेवर उजेड टाकला की जवळच्या चुंबकाप्रमाणे तिची चमक कमीजास्त होते. एकेका कणाची खबर लागते. एका माणसाला परवा त्याच्या आईची अंगाई सापडली. तिच्यावर कुणीतरी क्रिकेटचं समालोचन भरलं होतं. माणूस इथे खुर्चीत बसून रडला." मग त्या म्हणाल्या, "वर गाणं असतं ना, तर खालचं सोडवायला महिने लागतात. तुमच्या कॅसेटवर शांतता होती, त्यामुळे एका दुपारीत काम झालं."

मग त्यांनी कानाला लावायला हेडफोन दिला. सेगुलाबाईंचा आवाज आला. जरा घशातला, नांदगावच्या वळणाचा.

"...चांगुणा आमच्या घाण्यावर पेंड भरायची. कोळीण. तिचा घरवाला होडीसकट गेला तेव्हा तिला सहावा महिना होता. आमच्या मागच्या पडवीतच बाळंत झाली, न् तिसऱ्या दिवशी डोळे मिटले तिनं. तिच्या माणसांनी पोरीकडे बघितलं पण नाय. मी एकेचाळीस वर्षांची, कूस रिकामी. पोरीला पदराखाली घेतलं न् पनवेलला भावाकडे जाऊन राहिले सहा महिने. परत आले ती लेआला घेऊन. आमच्यात धर्म आईकडून येतो गो, न् हिची आई ती कोळीण. पण तेबिलेला, धर्मात घ्यायची बुडी द्यायला, नेली असती तर गावभर झालं असतं. मी म्हटलं, देवाला दिसतंय ना, पुरे..."

केतुराबाईंनी कानावरचं काढून ठेवलं.

"हे काढून टाका," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला पुसायला सांगितलं होतं. मी शब्द दिला होता."

"सांगितलेलं फितीत आहे का?"

"टेप बंद केल्यावर सांगितलं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी नियमांचं पान उघडून शांतपणे समजावलं. मुलाखत सांगणाऱ्याची. ती झाकून ठेवायची विनंती एकतर सांगणाराच करू शकतो, नाहीतर त्याचा वारस. मुलाखत घेणाऱ्याला तो हक्क नाही. घेणाऱ्यांनी आपल्या मर्जीने इतिहास कापू नये, म्हणून तर तो नियम केलेला.

"आणि अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "संग्रहाला वंशजाल जोडलेलं आहे. ते प्रत्येक मुलाखतीतली नावं, गावं, नाती ओळखतं आणि आपोआप वंशावळीत बसवतं. एकविसाव्या दिवशी त्या घरातल्या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत कळवतं. या कॅसेटचा आज पाचवा दिवस."

"आणि वारस कोण?"

"सेगुलाबाईंची मुलगी. लेआ."

केतुराबाई परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसल्या. लेआपासून लपवायचं तर लेआचीच सही हवी होती. त्यांनी दुसरा काही मार्ग निघतो का ते पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं. संग्रहाच्या समितीला अर्ज लिहिला. समिती तीन महिन्यांनी बसायची होती.

लेआवहिनी शहाऐंशी वर्षांच्या होत्या. एनोक जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या अश्दोदला मुलीच्या, ओर्लीच्या, शेजारच्या घरात एकट्या राहायच्या आणि दर रविवारी केतुराबाईंशी पडद्यावर बोलायच्या. केतुराबाई पुण्याला जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी नातीच्या लग्नाचंच सांगितलं होतं. ओर्लीच्या लेकीचं, शिराचं, लग्न जूनमध्ये होतं. मुलगा मोरोक्कोच्या घराण्यातला, रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, नात्यातला.

"काय गो केतू, मेंदी पाठवशील ना? इकडची मेंदी रंगत नाय. मुलाकडच्यांना मी म्हटलं, आमच्यात आधी मेंदी, मग बाकीचं. कबूल झाले."

"पाठवते, वहिनी."

"तुझा चेहरा का असा?"

"दात दुखतोय."

पुढच्या रविवारीही केतुराबाईंनी दाताचंच कारण सांगितलं. तोवर अकरावा दिवस उजाडला होता. त्यांना झोप येईनाशी झाली. हे नुसतं लेआवहिनींच्या मनाचं प्रकरण नव्हतं. धर्म आईकडून. लेआ ज्यू नाही तर ओर्ली नाही, ओर्ली नाही तर शिरा नाही. तिकडे लग्न लावणारे रब्बी कागद तपासूनच लावतात. गेल्या शतकातल्या साठच्या दशकात तिकडे आपल्या लोकांना याच संशयाने उंबऱ्यावर उभं केलं होतं, आणि ते थांबवायला माणसांना रस्त्यावर बसावं लागलं होतं. तेव्हाच्या आठवणी तर केतुराबाईंच्या कॅसेटमध्येच भरलेल्या होत्या.

बाराव्या दिवशी, सोमवारी, त्यांनी नेहमीचा वार सोडून फोन लावला.

"वहिनी, जवळ कोण आहे?"

"कोण असणार? मी न् माझा रेडिओ."

केतुराबाईंनी सांगितलं. एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबल्या असत्या तर पुढे गेल्या नसत्या. लेआवहिनींनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"एनोकला माहीत होतं?"

"नाही."

"तुला माहीत होतं. बावन्न वर्षं."

"हो."

"माझ्या ओर्लीचं लग्न झालं तेव्हा तू आली होतीस. माझ्या घरात राहिलीस महिनाभर."

"हो, वहिनी."

लेआवहिनींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "मला ऐकव."

केतुराबाईंनी संग्रहाच्या दुव्यावरून ती सहा मिनिटं लावली. आवाज सुरू झाला तशी लेआवहिनींनी तोंडावर पदर घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी आईचा आवाज ऐकला नव्हता. नांदगावच्या घरात फोनच नव्हता, आणि पत्रात आवाज येत नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत लाव." पुन्हा संपलं. "ते पदराखाली घेतलं म्हणते तिथून लाव."

कॅसेट झाकायच्या विनंतीवर सही करायला त्यांनी चार दिवस घेतले. डॉक्टर टिपणीसांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की शिक्का बसला की पूर्ण कॅसेट पन्नास वर्षं बंद, वारसालासुद्धा. नाहीतर शिक्क्याला अर्थ राहत नाही. केतुराबाईंनी कॅसेट देताना स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती. टेपरेकॉर्डरच मोडीत गेला होता. त्या चार दिवसांत लेआवहिनी संग्रहाच्या दुव्यावरून ती सहा मिनिटं ऐकत राहिल्या. त्याच कॅसेटवर आधीची पाऊण तासाची मुलाखतही होती. वालाच्या बिरड्याची, शब्बाथला विस्तवाला हात लावायचा नाही तेव्हा निखारे कोण काढून द्यायचं त्याची, मुलीच्या लग्नातल्या गाण्यांची. तीही त्यांनी कधी ऐकली नव्हती. मोबाइलवर उतरवून घ्यावी, असं केतुराबाईंनी सुचवलं.

"उतरवली न् पोरांच्या हातात पडली तर?" लेआवहिनी म्हणाल्या. "नको. कान भरून ऐकते. तेवढं बस."

शुक्रवारी, सोळाव्या दिवशी, त्यांनी अंगठा टेकवला आणि शिक्का बसला. केतुराबाईंनी त्या संध्याकाळी दोन दिवे लावले आणि पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवल्या.

एकविसावा दिवस काही न होता गेला. तेविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर टिपणीसांचा फोन आला.

संग्रहाच्या नकला सहा ठिकाणी असत. पाच ठिकाणी शिक्का पोचला होता. सहावं ठिकाण परदेशातलं वंशावळींचं कोठार होतं. त्यांनी आवाज ठेवलाच नव्हता. त्यातून निघालेली नाती तेवढी पहिल्याच दिवशी उतरवून घेतली होती. त्यांच्या लेखी नातं ही मुलाखत नव्हे. त्यामुळे शिक्का त्यांना लागू नव्हता. लेआच्या नावासमोर आईच्या जागी तिथे आता चांगुणा, कोळी, नांदगाव असं लिहिलेलं होतं.

"ते काढायला सांगा."

"सांगितलं. ते म्हणतात, माहिती चुकीची असेल तर पुरावा द्या, काढू." डॉक्टर पुढे म्हणाल्या, "चुकीची नाहीये ना, ताई."

"मग शिक्का तरी काढा. वहिनींना आवाज तरी परत द्या."

"तो माझ्या हातात नाही. कुणाच्याच हातात नाही. कुलूपच तसं बनवलंय, दबाव आला तरी उघडता येऊ नये म्हणून."

लग्नाची नोंद करणारं तिकडचं कार्यालय आता कागदाऐवजी वंशावळींच्या कोठारातच बघत असे. शिराचा अर्ज त्याच आठवड्यात तपासला गेला आणि लाल खुणेसह परत आला. कोणी दुष्टपणा केला नव्हता. एका यंत्राने वाचलं, दुसऱ्याने जोडलं, तिसऱ्याने तपासलं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं.

ओर्लीचा फोन आला तेव्हा केतुराबाई बाजारात होत्या. ओर्लीची मराठी आईइतकी चांगली नव्हती, पण त्या दिवशी ती मराठीतच बोलली.

"आत्या, तुला रेकॉर्ड करायचं होतं तर करायचं. पुसायचं होतं तर नीट पुसायचं. कॅसेट जाळायची. तू ठेवलीस का?"

"तिच्यावर बाकीचं होतं, ओर्ली. तुझ्या आजीची गाणी होती."

"गाण्यांचं मी काय करू? मुलाच्या घरचे म्हणतात, सगळ्यांनी धर्म घ्या, मग बघू. शिरा म्हणते, जे मी आहेच ते व्हायला परीक्षा देणार नाही. इथे रब्बींशिवाय लग्न नाही, म्हणून सायप्रसला जाऊन कोर्टात लग्न करणार म्हणते. उद्या तिची मुलं काय? सांग ना आत्या, ती मुलं कोण?"

भोवती माणसं भाव करत होती. केतुराबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात ओर्लीने फोन ठेवला. त्यानंतर तिने केतुराबाईंचा फोन कधी उचलला नाही.

शिराने म्हटलं तेच केलं. सायप्रसला गेली, दोन साक्षीदारांपुढे सही केली. मुलाकडचं कोणी गेलं नाही. मेंदीची पाकिटं ठाण्याहून निघाली होती, ती अश्दोदच्या टपालात पडून राहिली.

लेआवहिनी रविवारी बोलायच्या, पण थोडंच. केतुराबाई माफी मागायला लागल्या की त्या विषय बदलायच्या. एकदा मात्र आपणहून म्हणाल्या, "चांगुणा दिसायला कशी होती, काय बोलली का गो आई तुझ्याशी?"

"नाही, वहिनी."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही."

"तू तर सगळ्यांना सगळं विचारायचीस."

जुलैत नवीन प्रश्न उभा राहिला. एनोकच्या कबरीशेजारची जागा लेआवहिनींच्या नावाने राखलेली होती. दफन पाहणाऱ्या मंडळींकडून एक सभ्य पत्र आलं. नोंदीत बदल झाल्यामुळे त्या जागेचा पुनर्विचार करावा लागेल. बाईंनी रीतसर धर्म घेतला तर अडचण राहणार नाही.

"शहाऐंशी वर्षं उपास केले," लेआवहिनी म्हणाल्या. "किप्पूरच्या मोठ्या उपासाला थुंकीसुद्धा गिळली नाय. आता म्हणतात, धर्म घे."

"नका घेऊ, वहिनी. शिराने नाही घेतला."

"शिराला शेजारी जिवंत नवरा आहे. माझा तिथं मातीत आहे. त्याच्याजवळ जायचं तर दुसरी वाट सांग."

केतुराबाईंनी अश्दोदला जायला विमानाचं बघितलं. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. शेवटी सप्टेंबरच्या एका बुधवारी, सगळं उरकून आल्यावर, लेआवहिनींनीच फोन केला. केस अजून ओले होते, खांद्यावर टॉवेल होता. मागे ओर्ली वावरत होती, पण पडद्याकडे आली नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "तीन रब्बी होते. पोरं होती गो, ओर्लीपेक्षा लहान. विचारलं, प्रार्थनेतला शेमा येतो का. मी म्हटला. त्यांनी विचारलं, कोणी शिकवला. मी म्हटलं, आईने, घाण्यावर बसून. तेव्हा एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मग दोन बायकांनी धरून कुंडात उतरवलं. पाणी कोमट होतं. तीनदा डोकं बुडवायचं. तिसऱ्यांदा मला वर यायला जमेना, त्यांनी उचललं."

"दमला असाल. पडा आता."

"पडते. आधी ऐक. कागद दिला त्यांनी." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "नाव लेआ. पुढे, कोणाची मुलगी. तिथं लिहिलं अब्राहामची. जे नवीन येतात त्या सगळ्यांना तेच लिहितात म्हणे. मी म्हटलं, सेगुला लिहा. लिहिणारा पोरगा चांगला होता. मान खाली घालून म्हणाला, आजी, तसं नाही लिहिता येत. मी म्हटलं, बरं, मग चांगुणा लिहा. तर तेही नाही म्हणाला."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"दोघी होत्या ना गो मला," त्या म्हणाल्या. "बोल की काहीतरी, केतू."

केतुराबाई पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. पलीकडे लेआवहिनी ओल्या केसांनी वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्या टॉवेलवरून पाणी त्या कागदावर पडत होतं.